आई आठवड्याला दोन खून वाचते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील जाऊन आठ महिने झाले. आई सदुसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका, सोलापुरात एकटी राहते. जन्मभर तिने ‘चांगलं’ साहित्य वाचलं आणि शिकवलं. आता मात्र आठवड्याला दोन या वेगाने ती इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतल्या खुनांच्या कादंबऱ्या फस्त करतेय, काही मराठी अनुवादातून, काही टॅबवर इंग्रजीतून. तुम्ही पाठवलेले दिवाळी अंक तसेच पडून आहेत. ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय त्या घरात रोज उठून खुनाचं काय वाचायचं, हे तुम्हाला खटकतंय. तिला यातून बाहेर कसं काढू, आणि काढायचं नसेल तर पुढे काय देऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकला खासगी वाचनालय चालवते, सत्तावीस वर्षं झाली. मी समुपदेशक नाही, त्यामुळे आईच्या मनात नेमकं काय चाललंय ते मी सांगायला जाणार नाही. पण अशा वाचकाला कुठलं पुस्तक दिलं की तो आणखी दोन मागतो आणि कुठलं दिलं की दुसऱ्याच दिवशी न बोलता टेबलावर ठेवून जातो, एवढं मला कळतं. त्या जोरावर लिहितेय.

मुळात आईचं लक्ष खुनावर असेल असं मला वाटत नाही. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. किटलीतला चहा गरम राहावा म्हणून तिच्यावर घालतात त्या कापडी टोपीलाही तिकडे हाच शब्द आहे. यात रक्त दिसत नाही, छळाची वर्णनं नसतात, शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलिसातली नसते, आणि सगळं एका आटोपशीर जागेत घडतं: एखादं गाव, एक चर्च, एक पोस्ट ऑफिस, पाच-सात घरं आणि एकमेकांची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं. ज्या कादंबऱ्यांत खुनी माणसाचं डोकं आतून दाखवतात आणि वाचून रात्री दाराची कडी दोनदा तपासावीशी वाटते, त्या मी वेगळ्या कपाटात ठेवते. दोन्ही कपाटांचे सभासदही सहसा वेगळे असतात.

एक उदाहरण जवळून बघू. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा कादंबरीत आली ती १९३० साली. त्या कादंबरीच्या सुरुवातीला गावचा पाद्री दुपारच्या जेवणाला उकडलेलं मांस कापतोय. मांस चिवट आहे, कारण मोलकरणीला स्वयंपाक येत नाही आणि बायकोला घर चालवता येत नाही. सुरी चालवता चालवता तो बोलून जातो की कर्नल प्रोदरोचा कुणी खून केला तर जगावर उपकारच होतील. आणि पुढे त्याच कर्नलचं प्रेत पाद्रीबुवांच्याच अभ्यासिकेत सापडतं. आता बघा, वाचणाऱ्याच्या लक्षात काय राहतं? कर्नल राहत नाही. त्याच्यासाठी कुणी फारसं रडतही नाही. लक्षात राहतं ते चिवट मांस, वैतागलेला नवरा आणि कुंपणापलीकडे बागेत झाडांशी खुडबुड करत येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारी म्हातारी.

त्या म्हातारीची पद्धत हा माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. मिस मार्पल ठसे मोजत नाही, रसायनं तपासत नाही. समोरचा माणूस पाहिला की तिला सेंट मेरी मीड या आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं. हा अगदी आमच्या मासेवाल्याच्या पोरासारखा वागतोय, ही त्या अमक्या मोलकरणीसारखी नको तेव्हा लाजतेय. आपल्याकडची एखादी आत्या लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाकडे एकदा बघून म्हणते ना, “हा तात्यांच्या धाकट्याच्या वळणावर गेलाय, पैशाचं याच्या हातात देऊ नका,” तसंच. आपली आजी प्रत्येकाबद्दल वाईटच धरून चालायची आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं, असं ख्रिस्तीने लिहून ठेवलंय. मार्पल त्या मुशीतली आहे. म्हणजे गुन्हा सुटतो तो एका माणसाने एका गावाकडे साठ वर्षं नीट पाहिलेलं असतं म्हणून.

यात दिलासा कसला, ते यावरून थोडं ध्यानात यावं. ज्याचा जोडीदार जातो त्याच्या आयुष्यातला त्याच्याकडे रोज बघणारा माणूस जातो. आज चहा कमी का घेतलास, कालपासून पाय ओढत का चालतेस, हे विचारणारं कुणी उरत नाही. आणि इथे अडीचशे पानं अशी एक बाई भेटते जिच्या नजरेतून काहीच सुटत नाही. हा माझा तर्क आहे. तुमच्या आईचं कारण वेगळंही असू शकेल. पण काउंटरपलीकडे उभं राहून “ती म्हातारी बाई असलेलं आहे का अजून एखादं?” असं विचारणाऱ्या बायकांचं वय आणि कपाळ मी इतकी वर्षं बघत आलेय.

दुसरी गोष्ट मरणाची. तुम्हाला तीच उलटी वाटते, पण इतिहासही आईच्या बाजूने आहे. या कादंबऱ्यांना भर आला तो दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून जास्त सैनिक मेले. खुद्द ख्रिस्ती त्या युद्धात टॉर्कीच्या इस्पितळात परिचारिका होती, पुढे तिथल्याच औषधघरात कामाला होती. तिची विषांची माहिती तिथली. घराघरातलं कुणीतरी गेलेलं, आणि ‘का’ याला उत्तर नाही. अशा वेळी लोक काय वाचायला लागले? जिथे एक माणूस मरतो आणि अख्खं गाव आपली कामं बाजूला ठेवून विचारतं की हा का मेला, कशाने मेला, शेवटचं कुणी पाहिलं. आणि उत्तर मिळतं. अ‍ॅलिसन लाइट नावाच्या अभ्यासक बाईंनी १९९१ मधल्या पुस्तकात या कादंबऱ्यांना आजारातून उठणाऱ्या माणसाचं वाचन म्हटलंय. आपण तापातून उठलेल्याला मेतकूट-भात देतो, पुरणपोळी देत नाही. तुमचे दिवाळी अंक सध्या पुरणपोळी आहेत. आईला त्यांचा राग आलेला नाही, पचत नाहीत एवढंच.

तुमच्या वडिलांना काय झालं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला विचारायचंही नाही. पण बहुतेक मरणांना कादंबरीतल्यासारखं कारण नसतं. डॉक्टर कागदावर लिहितात ते कारण आणि घरातलं माणूस रात्री तीन वाजता शोधत असतं ते कारण, यांत फरक असतो.

इथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक काकू नवरा गेल्यावर महिन्याभराने वाचनालयात आल्या. हलकं काहीतरी दे म्हणाल्या. मी मोठ्या उत्साहाने एक छान, विनोदी, गावातली रहस्यकथा काढून दिली. त्यात चौथ्या प्रकरणात बायको नवऱ्याला चहातून विष घालते, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक टेबलावर, आणि काकू पुढे चार महिने फिरकल्या नाहीत. तेव्हापासून अशा वाचकाला पुस्तक देताना मी मनाशी एक प्रश्न विचारते, ऐकायला विचित्र वाटेल: हिला कोण मेलेलं चालेल? गावातला खडूस सावकार, ब्लॅकमेल करणारा उपरा, कर्नल प्रोदरो, हे सगळे चालतात. प्रेमळ नवरा चालत नाही. लहान मूल तर कुणालाच चालत नाही.

कवी ऑडन या कथांचा व्यसनी होता आणि त्याने १९४८ साली त्यावर एक निबंध लिहिला. तंबाखू किंवा दारूसारखंच हे व्यसन आहे असं तो मोकळेपणाने कबूल करतो. लक्षणंही देतो: एकदा हातात घेतली की संपल्याशिवाय काम नाही की झोप नाही, खेड्यातल्या इंग्लंडात घडणारी नसेल तर वाचवत नाही, आणि संपली की गोष्ट तत्काळ विसरते. पहिल्या दोन्ही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. तिसरीचा पुरावा माझ्या कपाटात आहे. आमच्याकडच्या जुन्या रहस्यकथा उघडून सतराव्या पानावर बघा. कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब, कुठे छोटी फुली, कुठे ‘कु.’, कुठे एक चांदणी. हे पुस्तक आपण वाचलंय की नाही हे आठवत नाही म्हणून सभासदांनी आपापल्या खुणा करून ठेवल्यात. सतरावंच पान का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कुणीतरी सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं. एका पुस्तकावर एकाच माणसाची तीन टिंबं आहेत. म्हणजे खूण दिसली तरी घरी नेलंच.

तेव्हा खुनी कोण हे एवढं महत्त्वाचं असतं तर तीन टिंबं पडली नसती. माणसं त्या गावात परत जातात. ऑडनने गावाबद्दलही एक नेमकी गोष्ट सांगितली आहे: जागा जितकी निर्मळ आणि शांत, तितकं प्रेत तिथे विसंगत दिसतं, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर कुत्र्याने घाण करावी तसं. मग सगळी कादंबरी गालिचा साफ करण्यात जाते. आणि शेवटच्या पानावर पुन्हा चहा, पुन्हा पोस्टमन, पुन्हा गुलाबाच्या छाटणीवरून भांडण.

हे फक्त इंग्लंडचं नाही, आणि इथेच तुमच्या ‘पुढे काय देऊ’ या प्रश्नाकडे येते. जगभर आता प्रत्येक मुलखाची अशी कादंबरी आहे. जर्मनीत तर ‘रेगिओनालक्रिमी’ असा शब्दच आहे, म्हणजे प्रादेशिक रहस्यकथा. तिथे ज्या त्या मुलखाचा पोलिसवाला, त्याची बोली आणि त्याचं खाणं असतं. गंमत म्हणजे यातल्या कितीतरी गावांचे लेखक बाहेरचे असतात. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या कोमिसार, म्हणजे पोलीस अधिकारी, द्युपँच्या कथा लिहिणारा जाँ-ल्युक बानालेक हे एका जर्मन माणसाचं टोपणनाव आहे. व्हेनिसच्या ब्रुनेट्टी या पोलीस अधिकाऱ्याच्या कथा डॉना लिऑन या अमेरिकन बाईंनी लिहिल्या, आणि इटालियनमध्ये त्यांचा अनुवाद त्यांनी होऊच दिला नाही. आणि आपल्या मुंबईचे इन्स्पेक्टर घोटे १९६४ मध्ये एच. आर. एफ. कीटिंगने जन्माला घातले तेव्हा त्याने भारतात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. तो दहा वर्षांनी आला. यातली गावं थोडीफार हवीहवीशी वाटणारी गावं असतात. नकाशातल्यापेक्षा बरी.

म्हणूनच मराठीत असं फार नाही याचं मला नवल वाटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड घराघरात पोचले, पण त्यांची मजा वेगात आणि वेषांतरात आहे. तिथे गाव थांबून बघायला कुणाला सवड नसते. सर्वांत जवळ जातो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. पण तो मुलांसाठी. मोठ्यांसाठी का नाही? मला वाटतं, आपल्याला आपलं गाव फार जास्त माहीत असतं. सातारा जिल्ह्यातल्या वाड्यात खून झाला म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात लगेच सातबारा, भाऊबंदकी आणि तालुका कोर्टातल्या तारखा येतात. त्यात ऊब वाटायला जागा उरत नाही. इंग्लंडातल्या चर्चच्या फुलं सजवण्याच्या समितीतलं राजकारण मात्र आपल्याला गोड वाटतं, कारण त्यात आपला एक गुंठाही अडकलेला नसतो. वाडा, चाळ, आळी यांची ऊब मराठी वाचकाने व्यक्तिचित्रांतून आणि विनोदी लेखनातून घेतली. तिथे माणसं तीच असतात, फक्त प्रेत नसतं.

आता आईसाठी. माझी पहिली पसंती बोत्स्वाना. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची मा रामोत्स्वे १९९८ मध्ये आली. लेखक एडिनबरात कायद्याचे प्राध्यापक होते, पण जन्म आजच्या झिंबाब्वेतला, आणि बोत्स्वानाच्या विद्यापीठात कायद्याचा विभाग उभा करायला त्यांनी मदत केलेली. मा रामोत्स्वे वडील गेल्यावर त्यांची गुरं विकून गॅबोरोनीत देशातली पहिली बायकांची डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. सामान काय, तर छोटी पांढरी व्हॅन, दोन टेबलं, दोन खुर्च्या, फोन, जुना टाइपरायटर, एक किटली आणि तीन कप. एक स्वतःला, एक सेक्रेटरीला, एक गिऱ्हाइकाला. हे तीन कप वाचून माझ्या एका सभासद आजी म्हणाल्या होत्या, “हिचं दुकान चालणार.” खून जवळजवळ नाहीतच; हरवलेले नवरे, तोतये नातेवाईक, संशयी बाप, आणि मधे मधे बिनदुधाचा लाल चहा. मुख्य म्हणजे मा रामोत्स्वेने स्वतः बरंच गमावलंय. बाप गेलाय, तान्हं मूल गेलंय. ते दुःख पुस्तकात लपवलेलं नाही आणि त्याचा बाऊही केलेला नाही. ती संध्याकाळी अंगणात बसते, बापाची आठवण काढते, सकाळी उठून व्हॅन काढते. पहिल्या भागात एक मूल हरवल्याचा धागा आहे, तो जरा जड आहे. आईला आधी सांगून ठेवा. हे भाग क्रमाने वाचावे, कारण माणसांची लग्नं आणि भांडणं पुढे सरकत जातात. मार्पल कुठूनही वाचली तरी चालते.

दुसरी पसंती, थंडीच्या दिवसांत, कॅनडातल्या क्वेबेकमधलं थ्री पाइन्स. लुईझ पेनी, २००५ पासून. गाव कुठल्याच नकाशावर नाही, बिस्त्रोमध्ये शेकोटी, आणि गामाश नावाचा पोलीस अधिकारी, ज्याला आवाज चढवता येत नाही असं वाटावं. हे इंग्रजीत जरा सावकाश वाचावं लागतं आणि पुढच्या भागांत दुःख गडद होत जातं. सहा महिन्यांनी द्या.

भारतातलं हवं असेल तर फेलूदा, मराठी अनुवादात. सत्यजित राय यांनी १९६५ पासून लिहिला. खरं तर मुलांसाठी, पण माझ्याकडे सत्तरीच्या पुढची माणसं नंबर लावतात. तो दरवेळी कुठेतरी प्रवासाला निघतो: जैसलमेर, काशी, आणि एका कथेत थेट आपल्या वेरूळला, कैलास लेण्यात. आई शाळेची सहल घेऊन वेरूळला गेली असेलच. तिथून सुरुवात करा.

एक मुद्दाम टाळायचं सांगते. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री मला स्वतःला फार आवडते. १९२१ ची मुंबई, पारशी वकील मुलगी; तिच्या मागची एक प्रेरणा म्हणजे भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी, आणि त्या जन्मल्या आमच्या नाशिकला, १८६६ मध्ये. त्यामुळे मी ते पुस्तक ज्याच्या त्याच्या गळ्यात मारते. पण पहिल्या पुस्तकातली केस मलबार हिलवरच्या तीन विधवांची आणि त्यांच्या मिळकतीची आहे. तुमच्याकडे वारसाची कागदपत्रं अजून चालू असतील. वर्ष उलटू दे.

काळजी केव्हा करायची? पुस्तकांचे विषय बघून मुळीच करू नका. जेवण टळतंय का, फोन घेणं बंद झालंय का, रात्र रात्र जागी राहून दिवसा झोपतेय का, भाजीवालीशी बोलतेय का, हे बघा. तिथे बिघाड दिसला तर डॉक्टरांना दाखवा, मग ती ज्ञानेश्वरी वाचत असली तरी. आणि वेग हळूहळू कमी होतोय का तेही बघा. माझ्याकडे असे वाचक बहुतेक करून वर्ष-दीड वर्ष या कपाटापाशी उभे राहतात. मग एक दिवस शेजारच्या कपाटाकडे जातात. काही जात नाहीत, त्यांना हेच आवडतं. त्यांचंही काही बिघडलेलं नसतं.

बाहेर काढायचा प्रयत्न मात्र नको. “आई, हे काय वाचतेस,” असं निदान विचारू नका. जन्मभर मुलांना पुस्तकं सुचवलेल्या बाईला ते लागतं. रविवारी फोन कराल तेव्हा विचारा, गाव कुठलं आहे, आणि तुझा संशय कुणावर आहे. तिच्याकडून शंभर पानांपर्यंतची सगळी माणसं ऐकून घ्या, घरं कुठे कुठे आहेत तेही. मधे मधे ती म्हणेल, हा अगदी आपल्या अमक्यासारखा आहे. तो अमका कोण ते विचारा. बहुधा गोष्ट तुमच्या वडिलांपाशी येऊन पोचेल, आणि ती तिची तीच सांगेल.

मा रामोत्स्वेचा पहिला भाग आजच मागवा. दुसरा लगेच मागवू नका, तिला मागू दे.